सरडगुहिऱ्याच्या पिंजऱ्यातील वनस्पतींसाठी प्रकाशयोजना

सरडगुहिरा (शॅमेलिऑन) पाळलेल्या पिंजऱ्यात जिवंत झाडे लावल्यास ती जगावीत व वाढावीत यासाठी कृत्रिम प्रकाशाची सोय करावी लागते. या सोयीला वनस्पती-प्रकाशयोजना असे म्हणता येईल. प्राण्याला ऊब देणारा दिवा आणि अतिनील किरण देणारी नळी यांच्यापासून ती वेगळी असते. तिन्हींची कामे भिन्न आहेत. एकाच दिव्याने तिन्ही गरजा भागविण्याचा प्रयत्न बहुधा झाडांपेक्षा प्राण्यालाच अधिक महागात पडतो.

झाडांचे प्रयोजन

पाळल्या जाणाऱ्या जातींपैकी व्हेल्ड शॅमेलिऑन हा येमेन व सौदी अरेबियातील, तर पँथर शॅमेलिऑन हा मादागास्करमधील आहे. दोन्ही जाती झाडाझुडपांवर राहतात आणि संकटात पळण्यापेक्षा पानांआड स्थिर राहून स्वतःचा बचाव करतात. त्यामुळे पिंजऱ्यातील झाड ही शोभेची वस्तू नसते. ती प्राण्याची लपण्याची जागा असते. सरडगुहिरा साठवलेले पाणी सहसा ओळखत नाही. तो पानांवरील थेंब चाटून पितो. पानांमधून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे पिंजऱ्यातील हवाही दमट राहते. व्हेल्ड शॅमेलिऑन तर पानेही खातो, म्हणून त्याच्या पिंजऱ्यातील झाड तोडले जाण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने वाढणे आवश्यक असते.

प्रकाश अपुरा पडला की प्रथम पाने लहान येतात, पेरांमधील अंतर वाढते, वेल लांबट व विरळ होतो आणि खालची पाने गळतात. झाड एकदम मरत नाही, म्हणून हा ऱ्हास कित्येक आठवडे लक्षात येत नाही. या काळात पिंजरा हळूहळू उघडा पडत जातो आणि आडोसा हरपलेला प्राणी सतत ताणाखाली राहतो. अन्न सोडणे, रंग काळवंडणे अशी लक्षणे दिसली की आहारात दोष शोधला जातो. मूळ कारण मात्र छतावरील अपुऱ्या दिव्यात असू शकते.

तीन प्रकारचे प्रकाश

प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पती मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. सरडगुहिऱ्याच्या त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी मात्र याहून आखूड तरंगलांबीचे यूव्हीबी किरण लागतात. ही क्रिया २९५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रभावी असते. पांढऱ्या एलईडी दिव्यात हे किरण नसतात. 'पूर्ण वर्णपट' अशी जाहिरात केलेला वनस्पती-दिवाही बहुधा दृश्य प्रकाशाच्या पलीकडे जात नाही. या दोन शब्दांवर विसंबून यूव्हीबी नळी काढून टाकल्यास आणि आहारातूनही ड३ पुरेसे न मिळाल्यास प्राण्याच्या शरीरात कॅल्शियम नीट शोषले जात नाही, हाडे मऊ होऊन वाकतात, जबडा व पाय विद्रूप होतात. हा विकार मुलांमधील मुडदुसाशी मिळताजुळता आहे आणि वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत. अशा वेळी पिंजऱ्यातील झाडे टवटवीत असू शकतात, हे विशेष.

उलट चूकही घडते. हरितगृहांसाठी विकल्या जाणाऱ्या अतिनील दिव्यांचा वर्णपट सरीसृपांच्या दृष्टीने तपासलेला नसतो. त्यांतील फार आखूड लांबीच्या किरणांनी डोळे सुजणे व त्वचा भाजणे संभवते. यूव्हीबीसाठी सरीसृपांकरिताच बनविलेली नळी वापरावी.

प्रकाशाचे मापन

दिव्याच्या खोक्यावरील वॅटचा आकडा दिवा किती वीज वापरतो हे सांगतो, तर ल्यूमेनचा आकडा माणसाच्या डोळ्याला उजेड किती जाणवतो हे सांगतो. पानावर किती प्रकाशकण पडतात हे त्यांपैकी एकावरूनही थेट कळत नाही. त्यासाठी मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद हे एकक वापरतात. मध्यान्हीच्या स्वच्छ उन्हात हा आकडा सुमारे २००० असतो. मनीप्लांटसारखी सावलीसहिष्णु झाडे ५० च्या आसपासही तग धरतात, १०० ते १५० मिळाल्यास चांगली वाढतात. जास्वंदीला याच्या दुपटीहून अधिक प्रकाश लागतो, आणि फुले हवी असल्यास आणखी.

झाडाच्या दृष्टीने दिवसभराची बेरीज महत्त्वाची असते. १०० मायक्रोमोल प्रकाश १२ तास दिल्यास दिवसाला ४.३२ मोल प्रति चौरस मीटर इतकी बेरीज होते. विशेष मापक उपलब्ध नसल्यास साधा लक्समीटर कामचलाऊ उपयोगी पडतो. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात सुमारे ७० लक्स म्हणजे १ मायक्रोमोल असे ढोबळ गणित धरता येते. म्हणजे ७००० लक्सला सुमारे १००. मात्र माप दिव्याखाली न घेता पानाच्या उंचीवर घ्यावे.

दिव्यांचे प्रकार

अनेक वर्षे टी-५ हाय आउटपुट नळ्यांचा चार दिव्यांचा संच ही रूढ पद्धत होती. त्यांपैकी एक नळी यूव्हीबीची आणि उरलेल्या तीन ६५०० केल्विन रंगतापमानाच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या असत. लांब नळीचा प्रकाश पसरट पडतो व एका जागी कडक चटका बसत नाही, हा तिचा मोठा गुण. पाऱ्यामुळे होणारे प्रदूषण लक्षात घेऊन युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून सर्वसाधारण वापराच्या टी-५ व टी-८ नळ्या नव्याने बाजारात आणण्यास बंदी केली आहे. त्यामुळे पांढऱ्या नळ्यांची जागा एलईडी पट्ट्या घेत आहेत. त्या कमी विजेत अधिक प्रकाश देतात व उष्णताही कमी सोडतात. यूव्हीबीची नळी मात्र बहुतांशी अजून जुन्याच तंत्राची आहे.

लाल व निळे डायोड असलेले जांभळट दिवे स्वस्त असतात, पण या कामासाठी ते निवडू नयेत. हरितद्रव्य लाल व निळा प्रकाश अधिक शोषते, एवढ्यावरून झाडाला हिरव्या प्रकाशाचा उपयोग नसतो असा समज पसरला. के. जे. मॅक्री यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनेक पिकांवरील मोजमापांतून हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणात मोठा वाटा उचलतो असे दिसून आले. शिवाय सरडगुहिऱ्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या चार प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि त्यांपैकी एक अतिनील प्रकाश टिपते. रंगाने बोलणाऱ्या प्राण्याला जांभळ्या उजेडात ठेवणे योग्य नव्हे. त्या उजेडात पान पिवळे पडले की नाही, प्राण्याचा रंग निरोगी आहे की नाही, हे पाळणाऱ्यालाही कळत नाही.

मांडणी

प्रौढ प्राण्यासाठी ६० × ६० × १२० सेंटिमीटरचा जाळीचा पिंजरा प्रचलित आहे. एवढ्या उंचीत वरचा प्रकाश तळापर्यंत फारच थोडा पोहोचतो. छताची जाळीही विणीच्या दाटपणानुसार एक तृतीयांशापर्यंत प्रकाश अडवू शकते. काच व ॲक्रिलिक तर यूव्हीबी जवळजवळ पूर्णच रोखतात. म्हणून दिवे जाळीवर ठेवावेत आणि दिव्यामागे परावर्तक असावा. अधिक प्रकाश मागणारी जास्वंद, वडाच्या कुळातील फायकस बेंजामिना किंवा शेफ्लेरा वरच्या भागात आणि मनीप्लांट खाली, अशी रचना सोयीची ठरते.

तळ उजळविण्यासाठी दिव्यांची संख्या बेसुमार वाढविणे हा मात्र उपाय नव्हे. कार्स्टन, फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की आहारातून ड३ कमी मिळालेले पँथर शॅमेलिऑन अतिनील किरणांत अधिक वेळ घालवितात आणि पुरेसे मिळालेले त्यांपासून दूर राहतात. प्राण्याला ही निवड करता यायची तर पिंजऱ्यात खरी सावली असली पाहिजे. झाडांना प्रकाश मिळतो तो अशी दाट सावली निर्माण होण्यासाठीच. पिंजऱ्याचा प्रत्येक कोपरा लख्ख करणारी योजना झाडांना मानवली तरी प्राण्याला मानवत नाही.

यूव्हीबी नळीखाली शेकण्याच्या फांदीवर अतिनील निर्देशांक ३ च्या सुमारास राहावा, असे या दोन जातींच्या बाबतीत सामान्यतः धरतात. जाळीवर ठेवलेल्या ६ टक्के यूव्हीबीच्या टी-५ नळीसाठी हे अंतर साधारण २० ते २५ सेंटिमीटर येते. नेमके अंतर मीटरनेच ठरवावे. सरडगुहिरे छताच्या जाळीला उलटे लटकतात. जाळीवर टेकलेला दिवा तापणारा असेल तर पाठीवर आणि डोक्यावरील उंचवट्यावर भाजल्याच्या जखमा होतात. त्यामुळे उष्णतेचा दिवा जाळीपासून काही अंतर वर टांगतात. बंद खोलीत अनेक नळ्यांची एकत्रित उष्णताही लक्षणीय असते. नवा संच बसविल्यावर शेकण्याच्या जागेचे तापमान पुन्हा मोजणे आवश्यक आहे.

कालावधी व देखभाल

या प्राण्यांच्या मूळ प्रदेशांत दिवसाची लांबी वर्षभर साधारण ११ ते १३ तासांच्या दरम्यान राहते. तेवढाच काळ दिवे चालू ठेवून रात्री संपूर्ण अंधार ठेवावा. टायमर लावल्यास विसर पडत नाही. वाढ खुंटलेल्या झाडासाठी दिवे १६ तास चालविणे प्राण्याच्या झोपेवर आक्रमण ठरते. त्याऐवजी प्रकाशाची तीव्रता वाढवावी किंवा ते झाड काही आठवडे बाहेर ठेवून दुसरे आत आणावे. यूव्हीबी नळीचा दृश्य उजेड टिकून असतानाच तिचे अतिनील किरण घटत जातात. त्यामुळे मीटर नसल्यास सहा महिने ते वर्षभराने ती बदलण्याची पद्धत आहे. धूळ व पाण्याचे पांढरे डाग यांनी झाडांचा प्रकाशही कमी होतो, म्हणून जाळी, नळी व पाने अधूनमधून पुसावी लागतात.

भारतातील स्थिती

महाराष्ट्रातही आढळणारा भारतीय सरडगुहिरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. वर उल्लेखिलेल्या दोन्ही विदेशी जाती आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे, तसेच २०२४ च्या नियमांमुळे, अशा प्राण्यांची शासनाकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे.