मधुमालतीची फुले रंग बदलतात, तो रोग नव्हे

आगरदांड्याच्या एका वाडीतून फोटो आला. मांडवावरच्या मधुमालतीच्या एकाच झुबक्यात पांढरी, गुलाबी आणि लाल फुले. सोबत प्रश्न : "कोणते बुरशीनाशक मारू?"

कोणतेच नको. मधुमालतीचे (रंगूनचा वेल) फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत गडद लाल. पाकळीत अँथोसायनिन साठत जाते. कोकम आणि जांभळाचा रंगही याच गटातल्या रंगद्रव्यांचा. रोज नवी फुले उमलतात, म्हणून झुबक्यात तिन्ही रंग एकदम दिसतात. खत कमी-जास्त झाल्याचे ते लक्षण नाही.

फुलाची नळी लांब आणि अरुंद, मध तळाशी. पांढरा रंग आणि रात्रीचा सुवास हे लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना बोलावणे. रंग चढला की दिवसा मधमाश्या, फुलपाखरे आणि शिंजीर येतात. मधमाश्या वाचाव्यात म्हणून आपण संध्याकाळी फवारणी सांगतो. या वेलाला ती वेळही चालत नाही, कारण पतंग तेव्हाच येतात. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. याच माश्या तुमच्या नारळाच्या फुलोऱ्यावरही जातात.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. त्या फोटोत वेलाचे शेंडे शेजारच्या सुपारीकडे निघाले होते. पान गळले तरी देठाचा खालचा भाग काट्यासारखा टिकून राहतो आणि त्याच्या आधाराने वेल वर चढतो. सुपारीचे खोड सडपातळ. शेंड्यावर पसारा झाला की फळे काढणे अवघड होते आणि वारा जास्त अडतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुपारीच्या बागा कशा आडव्या झाल्या, ते वेगळे सांगायला नको. वेलाला लोखंडी पाइपचा किंवा चिऱ्याच्या खांबांचा मांडव द्यावा आणि झाडाकडे जाणारे शेंडे लगेच कापावेत.

लागवड पावसाच्या सुरुवातीला, दाब कलमाने किंवा मुळाजवळच्या फुटव्यांपासून करावी. आपल्याकडे बी क्वचितच धरते. चिनी औषधपद्धतीत ते जंतांवर वापरतात, पण जास्त खाल्ल्यास उचकी आणि उलट्या होतात. मुलांच्या हाती लागू देऊ नये. खाऱ्या वाऱ्याच्या थेट माऱ्यात कोवळी पालवी करपते, म्हणून घराच्या आडोशाची जागा निवडावी.

युरिया बेताने द्यावा, नाहीतर नुसता पाला वाढतो. फुले नव्या फुटीवर येतात. त्यामुळे छाटणी बहर संपल्यावर लगेच करावी.