मिळकतकरातील ‘स्वतः राहणे’

मिळकतकराचे गणित एका संकेतार्थी वाक्यावर उभे आहे. घर भाड्याने दिले असते, तर वर्षाला वाजवी भाडे किती आले असते, असे महानगरपालिकेचा आकारणीनियम विचारतो. आणि जे भाडे प्रत्यक्षात कोणी दिलेले नाही, त्यावरही कर बसतो. मालक स्वतःच घरात राहत असेल, तर वाक्यातील ‘तर’ पुरा होण्याचा संभवच उरत नाही. अशा मालकास सवलत देण्याचा तर्क येथे सापडतो.

पुणे महानगरपालिकेने १९७० साली ठराव करून स्वतः राहणाऱ्या मालकांच्या घरांचे वाजवी भाडे ४० टक्क्यांनी कमी धरले. शिवाय दुरुस्तीखर्चापोटीची वजावट नियमात १० टक्के असता अशा घरांसाठी १५ टक्के ठेविली. समजा, एका सदनिकेचे वार्षिक वाजवी भाडे १,००,००० रुपये ठरले. सवलत नसल्यास १० टक्के वजा जाता करपात्र रक्कम ९०,००० होते. सवलत असल्यास प्रथम ६०,००० व त्यातून १५ टक्के वजा जाता ५१,०००. कराचे दर दोघांना सारखेच. फरक आहे तो पायात.

तथापि कायद्याच्या शब्दांत १० टक्के आहेत, ४० टक्के नाहीत. लेखापरीक्षणात यावर आक्षेप निघाला, राज्य शासनाने ठराव विखंडित केला आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना सवलत मिळेनाशी झाली. शेजारशेजारच्या इमारतींतील सारख्या घरांना निराळा कर येऊ लागला. २०२३ साली शासनाने ४० टक्के पुन्हा मान्य केले. दुरुस्तीची वजावट मात्र १० टक्क्यांवर आणली. वरील उदाहरणात करपात्र रक्कम आता ५४,००० होईल. ज्यांना सवलत लागू झाली नव्हती किंवा सर्वेक्षणात जिची गेली होती, त्यांना पीटी-३ हा अर्ज पुराव्यासह भरावा लागला.

खरी अडचण पुराव्याची, म्हणजे ‘राहणे’ या क्रियापदाची आहे. ‘ते पुण्यात राहतात’ हे वाक्य रीतिवाचक आहे; ते आज गावाला गेले असले तरी खोटे ठरत नाही. सर्वेक्षक मात्र एका दिवशी दार ठोठावतो. त्याला दिसते ते कुलूप. आणि कुलूप हा क्षणाचा पुरावा आहे, रीतीचा नव्हे. म्हणूनच शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, सोसायटीचा दाखला यांसारखी कागदपत्रे मागितली जातात. ‘स्वतः’ हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. मुलाच्या नावावरील सदनिकेत वृद्ध आई राहते आणि मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरास असतो. आई ‘आम्ही स्वतःच्या घरात राहतो’ असेच म्हणेल, आणि मराठी म्हणून ते बिनचूक आहे. करपुस्तकात मात्र मालक मुलगा आहे. कुटुंबाचे ‘स्वतः’ आणि आकारणीचे ‘स्वतः’ यांतील हे अंतर नियमाच्या व्याख्येतच मिटविले पाहिजे; ते दारावर आलेल्या कर्मचाऱ्याच्या समजुतीवर सोडणे न्याय्य नव्हे.

मुंबईने २०२२ पासून हे क्रियापदच टाळले. तेथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना करमाफी आहे. कोण राहतो हे विचारावे लागत नाही. टेप लावली की प्रश्न मिटतो. अर्थात गुंतवणूक म्हणून घेतलेल्या, वर्षभर बंद असलेल्या लहान सदनिकेलाही तीच माफी मिळते. आणि ५१० फुटांच्या घरात जन्मभर राहिलेल्याला मिळत नाही.