फुटपाथवरची गाडी आणि ई-चलान: ऐकीव काय, खरं काय

मोबाईलवर ई-चलानचा मेसेज आला की घरात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, चहाच्या टपरीवर सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे ऐकीव असतात. त्यांच्या भरवशावर माणसं जिथे भांडायला हवं तिथे पैसे भरून मोकळी होतात आणि जिथे चूक आपलीच आहे तिथे हुज्जत घालतात. फुटपाथवर गाडी लावल्याच्या दंडाबाबत हे फार होतं.

सर्वांत जास्त ऐकू येतं ते, "तिथे नो पार्किंगची पाटीच नव्हती." फुटपाथला पाटी लागत नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या विनियमांनी फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि पादचारी क्रॉसिंगवर गाडी उभी करायला सरसकट मनाई केली आहे. त्याआधीच्या १९८९ च्या नियमांतही फुटपाथ होताच. पाटीचा मुद्दा रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाडीसाठी कामाचा ठरू शकतो. सम-विषम तारखेच्या पार्किंगची पाटी झाडाच्या फांद्यांत दडलेली असेल, तर जरूर मांडा. फुटपाथवरच्या गाडीला तो उपयोगी नाही.

"चालायला जागा सोडली होती की!" ही सबब मला कधीच पटलेली नाही, कारण ती जागा कोणी मोजत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. आपली नेहमीची स्कूटर लांबीला साधारण तेवढीच भरते. ती आडवी लावली की फुटपाथ संपला. कडेने सरळ लावली तरी हँडल आणि आरसे मिळून पाऊण मीटरच्या आसपास जातात, आणि उरलेल्या जागेत विजेचा डीपी बॉक्स नाहीतर झाडाचा पार असतोच. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटरची मोकळी वाट लागते. ती मिळाली नाही की व्हीलचेअरवरचा माणूस, काठी टेकत निघालेल्या आजी, बाबागाडी ढकलणारी आई, सगळ्यांना वाहत्या रस्त्यावर उतरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असं स्पष्ट केलं आहे. पाच मिनिटांचं काम त्यापेक्षा मोठं नाही.

"दुकान माझं, मग समोरची जागाही माझीच." इथे मात्र नीट बघायला हवं. इमारतीपुढे सोडलेलं सामासिक अंतर प्लॉटच्या हद्दीत येतं. फुटपाथ सार्वजनिक असतो. दोन्हीकडे सलग पेव्हर ब्लॉक बसवले की फरक डोळ्यांना कळत नाही, फोटो काढणाऱ्या पोलिसालाही नाही. गाडी खरोखर हद्दीच्या आत असेल तर दंडाला आव्हान द्यायला याहून भक्कम मुद्दा नाही. चलानसोबतचा फोटो मोठा करून पाहा. कर्बस्टोन, चेंबरचं झाकण, दिव्याचा खांब अशी एखादी खूण धरा आणि त्याच कोनातून स्वतः फोटो काढा. इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत सोबत जोडा.

फोटोतली गाडी तुमची नसेल, म्हणजे नंबर वाचताना चूक झाली असेल किंवा कोणी तुमचा नंबर लावून फिरत असेल, तर तोही पक्का मुद्दा. त्या वेळी गाडी परगावी होती? फास्टॅगची नोंद काढा. गाडी विकली असेल पण आरसी अजून तुमच्या नावावर असेल तर मात्र चलान तुमच्याकडेच येत राहणार. आधी ते हस्तांतर पूर्ण करा.

"आधी भरून टाकू, मग तक्रार करू." हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. चलान हा आरोप असतो, निकाल नव्हे. पण तुम्ही भरता ते मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालचं तडजोड शुल्क; ते भरलं की प्रकरण मिटलं. आरोप मान्य नसेल तर पैसे न भरता महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर चलान क्रमांक आणि पुरावे देऊन तक्रार नोंदवा. वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. तिथे दाद लागली नाही तर न्यायालय आहे. व्हर्च्युअल कोर्टाची नोटीस आली तर तिथे दंड भरण्याबरोबर खटला लढवण्याचाही पर्याय असतो. तो निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जातं आणि तिथे तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता.

दंडाचा आकडाही तपासा. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. टोईंगचा खर्च वेगळा. आधीचं चुकीचं चलान तसंच सोडून दिलं असेल तर नवं चलान दुसरा गुन्हा म्हणून लागू शकतं.

लोकअदालतीत सगळं माफ होतं, असंही सांगतात. लोकअदालत तडजोडीसाठी असते. तुमची चूक नव्हती, असा निकाल तिथे मिळत नाही, आणि तिथल्या निवाड्यावर अपीलही नाही.

"पोलिसाने स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढला, म्हणजे चलान रद्द." खासगी मोबाईल वापरू नका, अशी ताकीद राज्याच्या वाहतूक पोलिसांना २०२५ मध्ये वरिष्ठांनी दिली आहे. तक्रारीत हा मुद्दा जरूर लिहा. पण गाडी फुटपाथवर स्पष्ट दिसत असेल तर तेवढ्यावर सुटकेची आशा धरू नका, दंड भरा.

आणि चलानच्या मेसेजसोबत एपीके फाईल आली असेल तर ती उघडूच नका. खरं चलान सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं, त्यासाठी कुठलीही फाईल डाउनलोड करावी लागत नाही.