महाकवि दान्ते व त्याची परलोकयात्रा



आपल्या संगमनेरावरून वाहणारी प्रवरा पुढें नेवाशास जाते. तेथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, श्रीज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला. त्याच वर्षीं दूर इटलींतील फ्लॉरेन्स नगरांत एक तरुण कवि शोकांत बुडाला होता. बालपणापासून जिच्यावर त्याची निष्ठा होती, ती बीआट्रीस निवर्तली होती. हा कवि म्हणजे दान्ते आलीगिएरी.

दान्तेचा जन्म १२६५ सालचा. १३०० सालीं तो नगराच्या सहा मुख्य कारभाऱ्यांपैकीं एक झाला. परंतु पक्षभेदानें नगर दुभंगलेलें होतें. विरुद्ध पक्ष प्रबळ होतांच १३०२ सालीं त्याजवर लांचलुचपतीचा आरोप ठेवून त्यास हद्दपार करण्यांत आलें, व सांपडल्यास जिवंत जाळावें असा हुकूम सुटला. १३१५ सालीं अपमानास्पद अटींवर क्षमा देऊं केली असतां त्यानें ती नाकारली. १३२१ सालीं राव्हेन्ना येथें तो परक्या भूमींतच वारला. त्याची शिक्षा फ्लॉरेन्सच्या नगरसभेनें रद्द केली ती २००८ सालीं!

या वनवासांत त्यानें आपलें महाकाव्य रचिलें. त्याचे सर्ग शंभर. आयुष्याच्या मध्यावर कवि एका घोर अरण्यांत वाट चुकतो. प्राचीन कवि व्हर्जिल त्याचा वाटाड्या होऊन त्यास प्रथम नरकाच्या नऊ मंडलांतून खालीं नेतो. अगदीं तळाशीं अग्नि नसून बर्फ आहे, आणि त्यांत विश्वासघातकी गोठलेले आहेत. कारण विश्वासघात करणाऱ्याच्या अंतःकरणांत प्रीतीची ऊबच उरत नाहीं. पुढें शुद्धिस्थानाचा पर्वत लागतो. तेथें गर्विष्ठ लोक जड शिळांखालीं वांकून चालतात, परंतु आशेनें वर चढत असतात. शेवटीं बीआट्रीस त्यास स्वर्गलोकीं नेते, व तेथें त्यास ईश्वराचें दर्शन घडतें. मनुष्य येथें जें निवडतो, तेंच तेथें त्याचें स्वरूप होतें, हें या यात्रेचें तात्पर्य.

त्या काळीं विद्वान लॅटिनमध्यें लिहीत. दान्तेनें मात्र हा गहन विषय लोकांच्या बोलींत गाइला. ज्ञानेश्वरांनीं संस्कृतांतील ज्ञान मराठींत आणिलें, तेंही याच हेतूनें. दोघांचा धर्म निराळा, देश निराळा. परंतु दोघांसही बहिष्कार सोसावा लागला, आणि दोघांच्याही वाणींत कडवटपणापेक्षां करुणा व श्रद्धा वरचढ ठरली.

या काव्याची एक अतिप्राचीन हस्तलिखित प्रत आपल्या मुंबईंतच आहे. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांतील ही प्रत मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं दिलेली होय. १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले ते हेच गृहस्थ.

बाळांनो, दान्तेचें घरदार गेलें, परंतु मातृभाषा व सत्यनिष्ठा हीं दोन धनें कोणासही हिरावतां आलीं नाहींत. तीं तुम्हांपाशींही आहेत, तीं जपा.