पांढरा रंग फांसणारा नट

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या रंगभूमीवर ‘मिन्स्ट्रेल’ नांवाचे खेळ अतिशय लोकप्रिय होते. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडास फांसून काळ्या माणसाची टवाळी करीत आणि प्रेक्षक पोट धरधरून हंसत. पुढें खुद्द कृष्णवर्णीय नटांसही रंगभूमीवर पाऊल टाकावयाचें तर तीच काजळी फांसणें भाग पडलें! हा उफराटा व्यवहार ज्यानें रंगभूमीवरच उलटविला, तो बॉब कोल.

कोल १८६८ सालीं जॉर्जिया संस्थानांतील अथेन्स गांवीं जन्मला. त्याचे आईबाप पूर्वीं गुलाम होते. पद्यरचना, चाली, संवाद, अभिनय, सर्वांत त्याची गति सारखीच. एका गोऱ्या मालकांच्या मंडळींत असतां वेतनावरून बिनसलें, तेव्हां आपण रचलेलीं पदें घेऊन तो चालता झाला. मालकांनीं त्यास कोर्टांत खेचलें. स्वतःच्याच बुद्धीच्या धनाचा चोर!

मग त्यानें बिली जॉन्सनच्या साह्यानें ‘अ ट्रिप टु कूनटाउन’ रचलें. १८९८ सालीं न्यू यॉर्कला झालेलें हें नाटक लेखनापासून व्यवस्थेपर्यंत कृष्णवर्णीयांनींच सिद्ध केलेलें पहिलें संपूर्ण संगीत प्रहसन मानतात. ‘कून’ ही वस्तुतः काळ्यांना दिली जाणारी शिवी. परंतु तिकिटें खपावयास त्या काळीं तीही लागे. नाटकांत मात्र कोल दारुड्या भटक्या विली वेसाइड होई, आणि तोही तोंडास पांढरा रंग फांसून! पिढ्यान्‌पिढ्यांच्या टवाळीस याहून खोंचक उत्तर कोणतें असणार?

पुढें रोझामंड जॉन्सन व त्याचा कवि-बंधु जेम्स वेल्डन यांच्याशीं त्याचें सूत जमलें. गुलामगिरींतील एका भक्तिगीताची चाल नाटकी पदास घ्यावी, असें कोलनें सुचविलें. बोस्टनला रीतसर संगीत शिकलेल्या रोझामंडास तो धर्मद्रोह वाटला. कोलनें सूर फिरविले, आणि १९०२ सालीं ‘अंडर द बांबू ट्री’ हें पद मेरी केहिल या गोऱ्या नटीच्या कंठांतून घरोघर पोंचलें.

काळ्या नायक-नायिकेचें गंभीर प्रेम गोऱ्या प्रेक्षकांस रुचत नसे. तें हास्यास्पदच असावें असा दंडक. ‘शू-फ्लाय रेजिमेंट’ व ‘रेड मून’ या नाटकांतून कोलनें तो मोडला. परंतु मोठ्या मंडळींचा खर्च पेलवेना. अखेर बुद्धिभ्रंश होऊन १९११ च्या ऑगस्टमध्यें कॅट्सकिल डोंगरांतील जलाशयांत बुडून त्याचा अंत झाला. वय अवघें त्रेचाळीस.