मुशीवरची बंदी : कोणी घातली, कोणी उठवली, आणि आता काय?

रविवारी सकाळी कल्याणच्या मासळी बाजारात आम्ही एका कोळीण मावशींच्या टोपलीपुढे उभे होतो. टोपलीत मांदेली, थोडे ओले बोंबील आणि हातभर लांबीच्या तीन-चार मुशी. शेजारी एक बाई सुनेच्या बाळंतपणासाठी मुशी घ्यायला आल्या होत्या. भाव चालू असताना सोबतच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आईला हटकले, "आई, शार्क मारायला बंदी आहे ना?"

मावशींची कोयती जागच्या जागी थांबली. "बाळा, ही बारकी मुशी हाय. बंदीवाला मासा येगळा. पण एका साली हिच्यावर पण बंदी आली होती. तवा टोपली फडक्यानं झाकून आणायची पाळी आली होती आमच्यावर."

मुलाला ते पटले नाही. पण मावशी सांगत होत्या ते खरे आहे. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटले, कारण माशाला कायद्याचे संरक्षण हवे की नको हे कोण ठरवते, कशावरून ठरवते आणि त्याची किंमत कोण मोजते, हे तिच्यात चांगले दिसते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात वाघ होता, मोर होता, पण माशाला जागा नव्हती. नव्वदीच्या दशकात गुजरातच्या वेरावळ किनाऱ्यावर व्हेल शार्क या अवाढव्य माशाची मोठी शिकार होत होती. हा मासा बारा मीटर आणि त्याहूनही लांब वाढतो, पण माणसाला काही करीत नाही. तोंड उघडे ठेवून बारीक जीव गाळून खातो. मच्छीमार त्याला पिंपे बांधून थकवीत, म्हणून तिकडे त्याचे नावच 'बॅरल' पडले. माईक पांडे यांनी या शिकारीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट २००० साली काढला. २८ मे २००१ रोजी केंद्र सरकारने व्हेल शार्कला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. अनुसूचीत आलेला हा पहिला मासा.

इथवर सगळे ठीक होते. पण पुढे दीड महिन्यात, ११ जुलै २००१ रोजी, दुसरी अधिसूचना निघाली आणि तिने मुशी, पाकट, करवत मासा अशा सगळ्याच कूर्चावाल्या माशांना, म्हणजे ज्यांच्या अंगात हाडाऐवजी मऊ कूर्चा असते त्या सर्वांना, वाघाच्या पंक्तीला बसवले. शार्कच्या परांना परदेशात सोन्याचा भाव, त्यासाठी बेसुमार मासेमारी चालते, ती थांबावी हा सरकारचा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण परिणाम काय झाला? जाळ्यात काय यावे हे मच्छीमाराच्या हाती नसते. बोंबील-कोळंबीसाठी लावलेल्या डोलीत मुशी आली की तो गुन्हेगार. ती विकणारी बाई गुन्हेगार. सुकी, खारवलेली मुशी घरात ठेवणाराही गुन्हेगार. सातपाटी, अर्नाळा, वसई, डहाणू ही बंदरे तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे हा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या दारातला होता.

मच्छीमारांनी देशभर आवाज उठवला. आम्हाला कोणी विचारले नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. ५ डिसेंबर २००१ रोजी सरकारने अधिसूचना बदलली आणि यादी दहा जातींवर आणली : व्हेल शार्क, करवत माशाच्या तीन जाती, गंगा शार्क, पाँडेचरी शार्क, भालादाती शार्क, गंगेतली पाकट, काटेरी पाकट आणि गिटारच्या आकाराचा एक मोठा मासा. पाच महिन्यांत त्या सगळ्या गोळा केलेल्या माशांतून दहाच उरले. आपली मुशी सुटली. कोळीण मावशींची टोपली पुन्हा उघडी झाली.

आमचे मत विचाराल तर डिसेंबरचा निर्णय गरिबांच्या बाजूने बरोबर होता. पण जुलैत सरसकट घालणे आणि डिसेंबरात घाऊक सोडणे, या दोहोंमध्ये एक गोष्ट मागे पडली. ती म्हणजे प्रत्येक जातीची मोजदाद.

माशांची मोजदाद करायची कशी, असे कोणी विचारील. समुद्रात शिरगणती होत नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची नोंद ठेवतात. कोणत्या जातीची किती, केवढ्या लांबीची, पोटात पिले होती का, बोट किती तास समुद्रात होती. नुसते वजन बघून भागत नाही. दहा बोटींना पूर्वी जेवढे मिळे तेवढेच आज वीस बोटींना मिळत असेल, तर वजनाचा आकडा तोच राहतो आणि मासा मात्र निम्म्यावर आलेला असतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची लाल यादी दहा वर्षांतली किंवा तीन पिढ्यांतली घट बघते, यांपैकी जो काळ मोठा असेल तो धरून. तीस टक्के घट झाली तर असुरक्षित, पन्नास टक्के तर संकटग्रस्त, ऐंशी टक्के तर अत्यंत संकटग्रस्त. ही कसोटी लावली की मुशी आणि करवत मासा एका मापाने मोजता येत नाहीत हे लगेच कळते. आपल्याकडची बारकी मुशी लवकर वयात येते. मोठ्या शार्कला वयात यायलाच वर्षे लागतात आणि पिलेही थोडी होतात. करवत माशाचे तर दैवच वाईट. त्याची दातेरी सोंड कोणत्याही जाळ्यात अडकते आणि अडकली की सुटत नाही. पाँडेचरी शार्कचा खात्रीशीर नमुना १९७९ नंतर शास्त्रज्ञांच्या हाती आलेला नाही. कायद्याचे कवच मिळाले, पण ते घालायला मासा उरला आहे का, हाच प्रश्न.

संरक्षण काढायचे तर कसे काढावे याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. ओरेगॉन राज्यात एक बोटभर लांबीचा मासा आहे, ओरेगॉन चब. १९९३ मध्ये त्याला तिथल्या कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा हजारही उरले नव्हते. ओढे, डबकी जपली, दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडले. आकडा लाखाच्या वर गेला. मग २०१५ मध्ये संरक्षण काढले, आणि काढल्यावरही पुढे काही वर्षे त्यावर नजर ठेवायचे ठरवले. बरा होऊन अमेरिकेच्या यादीतून बाहेर पडलेला तो पहिला मासा. तिथे बावीस वर्षे लागली, आपल्याकडे पाच महिने.

आपल्या राज्यघटनेत ४८-क हे कलम १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. वन्यजीवांचे रक्षण ही राज्याची जबाबदारी त्यात सांगितली आहे. आणि १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो असे म्हटले. मासा आणि मच्छीमार दोघेही घटनेत आहेत. एकाला वाचवताना दुसऱ्याच्या हातात बेड्या पडत असतील तर कायदा करणाऱ्यांनी अजून डोके चालवायला हवे.

थोडेफार चालवलेही आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले की संरक्षित मासा, कासव किंवा डॉल्फिन सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. गुजरातेत अशाच वाटेने शेकडो व्हेल शार्क सुटले. पूर्वी ज्यांनी मारले त्याच हातांनी सोडले. जाळे म्हणजे कोळ्याचे भांडवल. ते कापून दे म्हणताना पैसे मोजावे लागतात हे सरकारला समजले, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

२०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या सहा अनुसूच्यांच्या चार झाल्या आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. त्याच २०२२ साली पनामातल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत, आपली मुशी ज्या कुळातली आहे त्या सबंध कुळाचा परदेशी व्यापार परवान्याखाली आला. म्हणजे मुशी खायला किंवा बाजारात विकायला त्याने बंदी झाली नाही. पण निर्यात करायची तर समुद्रातल्या माशाला धोका नाही हे आकड्यांनी दाखवावे लागते. २००१ मध्ये जे झाले नाही ते आता निदान कागदावर तरी मागितले जात आहे.

जाता जाता बाळंतिणीच्या मुशीबद्दल. मुशीने दूध वाढते असे आपल्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. दूध वाढते ते पोटभर सकस जेवणाने, भरपूर पाण्याने आणि बाळाला वरचेवर पाजल्याने. शार्क इतर मासे खाऊन जगतो, त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठतो. म्हणून ब्रिटनची आरोग्य सेवा गरोदर बाईला आणि लहान मुलांना शार्क देऊच नका म्हणते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही बेतानेच. मांदेली, बोंबील, जवळा यांसारखी बारीक मासळी स्वस्त आणि निर्धोक.

हे सगळे आम्ही त्या बाईंना तिथेच उभ्या उभ्या थोडक्यात सांगितले. त्यांनी मुलाकडे पाहिले, मग मावशींकडे. "मग मांदेलीच द्या अर्धा किलो," त्या म्हणाल्या. मावशी आमच्याकडे बघून हसल्या. "तुमच्यामुळं माझी मुशी राहिली बघा," म्हणाल्या, आणि मुशी उचलून बर्फाखाली सारल्या.