पानाचा बाजार भरतो कुठे?

या आठवड्यात ब्रँडविषयी लिहायचे कबूल केले होते. ते पुढे ढकलतो आहे. कारण आहे चामोर्शी तालुक्यातून आलेले एक पत्र. मार्कंड्याच्या यात्रेत प्रसादाची सगळी दुकाने एकमेकांना खेटून का लागतात, यावर मागच्या खेपेला आपण बोललो. ते वाचून या ताई लिहितात : "यात्रेतला बाजार तुम्ही सांगितला, पण तिथं खर्चायला आमच्याजवळ पैसा कुठून येते ते नाही सांगितलं जी. आमच्या गावात वर्षाचा मोठा पैसा तेंदूच्या पानाचा. तो बाजार भरलेला मी कधी पाहिला नाही. मग त्याचा भाव कुठं ठरते?"

हा प्रश्न खरे तर लेखमालेच्या पहिल्याच भागात यायला हवा होता. वैनगंगेच्या काठी महाशिवरात्रीला यात्रा भरते तेव्हा बाजार डोळ्यांना दिसतो. नदीपलीकडच्या सावली तालुक्यातून माणसे येतात, सूप-टोपल्या विकणारा बुरूड असतो, विळे-कुऱ्हाडी मांडलेला लोहार असतो. गिऱ्हाईक एका दुकानात भाव विचारते, दुसऱ्यात विचारते, पुन्हा पहिल्याकडे येते. तेंदूच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. पान जंगलातून घरी येते, घरून फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी जाते, फळीवरून ट्रकने गोदामात आणि तिथून सोलापूर, सिन्नर किंवा तेलंगणातल्या निजामाबादकडे विडी वळणाऱ्या बायकांच्या सुपात. पान तोडणारी आणि पान घेणारा कुठेही समोरासमोर उभे राहून घासाघीस करत नाहीत. तरी भाव ठरतो. म्हणजे बाजाराला मैदान लागतेच असे नाही. त्याला लागते मोजण्याचे एकच माप, विकायचा हक्क कोणाकडे आहे याची स्पष्टता आणि घ्यायला तयार असलेली माणसे. या तिन्ही गोष्टी तेंदूत एकेक करून पाहता येतात. शहरातल्या कुठल्याही मॉलपेक्षा या पानातून बाजार जास्त चांगला शिकता येतो, हे माझे जुने मत आहे.

आधी माप. तेंदूची झुडपे फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटतात. मग जी कोवळी फूट येते तिची पाने एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात तोडतात. पहाटे अंधारात निघायचे, ऊन चढायच्या आत ओझे घेऊन घरी यायचे, आणि सबंध घराने बसून पाने जुळवून पुडे बांधायचे. महाराष्ट्रात पुडा 70 पानांचा. शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमध्ये तो 50 चा. असे 1000 पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी, अर्थात 70,000 पाने. समजा, एका घराने दिवसाला 200 पुडे बांधले, तर त्या घराचे हात 14,000 पानांवरून फिरले आणि गोणी पुरी व्हायला पाच दिवस लागले. व्यापारी गोणीचा भाव बोलतो, मजुरी मात्र शेकड्यावर मिळते. त्यामुळे फळीवर मोजणी कोणाची, हा प्रश्न भावाइतकाच मोठा असतो. पान फाटके आहे म्हणून पुडा बाजूला काढणारा किंवा शेकड्यावर वरून दोन-चार पुडे मागणारा मुन्शी कुठेतरी भेटतोच. कागदावर भाव तोच राहतो आणि मापातून उतरतो. किराणा दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यानेही गेल्या काही वर्षांत हेच केले आहे. किंमत तीच, वजन कमी.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे विकायचा हक्क. जंगलातले पान कोणाचे, हा वाद जुना आहे. व्यापारी गावोगाव माणसे बसवून पडेल भावात पान उचलत, शिवाय सरकारी जंगलातले पान खासगी म्हणून दाखवत. हे थांबवायला मध्य प्रदेशाने 1964 साली आणि महाराष्ट्राने 1969 साली कायदा करून वनोपजाचा व्यापार सरकारच्या हाती घेतला. जंगलाचे युनिट पाडायचे, प्रत्येक युनिटचा लिलाव करायचा, ज्याची बोली लागली त्यानेच त्या युनिटातले पान उचलायचे. आजच्या चष्म्यातून या कायद्याला शिव्या देणे सोपे आहे. त्या वेळी मात्र त्यात तथ्य होते, कारण निदान एक ठरलेला मजुरीदर आला. पण त्याबरोबर एक विचित्र गोष्टही आली. पान तोडणाऱ्या बाईपुढे एका हंगामात एकच घेणारा उरला.

विकणारा एकटा असला की तो भाव चढवतो, हे कोणालाही पटकन कळते. घेणारा एकटा असला की काय होते, याकडे अर्थशास्त्राचेही लक्ष जरा उशिराच गेले. जोन रॉबिन्सन या इंग्रज अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1933 साली अपूर्ण स्पर्धेवर पुस्तक लिहिले आणि त्यात एकट्या खरेदीदाराचा बाजार नीट मांडून दाखवला. थोडे विषयांतर करतो. या जोनबाई लग्नानंतर 1926 ते 1928 या काळात ग्वाल्हेरला राहिल्या होत्या, कारण त्यांचे यजमान ऑस्टिन रॉबिन्सन हे शिंद्यांच्या बाल महाराजांचे शिक्षक होते. ज्या बाईंनी हा सिद्धांत जगाला दिला त्या ऐन उमेदीत एका मराठी संस्थानात वावरत होत्या, याची मला उगीचच गंमत वाटते. त्यांच्या सिद्धांताचा ग्वाल्हेरशी काही संबंध लावण्याचा मात्र माझा इरादा नाही.

त्यांचे म्हणणे सोप्या भाषेत असे. घेणारे दहा असले तर कमी भाव देणाऱ्याकडे माल जातच नाही, त्यामुळे त्याला भाव वाढवावाच लागतो. घेणारा एकच असला तर त्याच्यापुढचा हिशेब बदलतो. आणखी चार गोण्या मिळाव्यात म्हणून त्याने भाव वाढवला, तर तो वाढीव भाव त्या चार गोण्यांनाच नव्हे, आधीच्या शंभर गोण्यांनाही द्यावा लागतो. म्हणून तो म्हणतो, चार गोण्या कमी आल्या तरी चालतील, भाव आहे तिथेच राहू दे. यात त्या माणसाच्या दुष्टपणाचा प्रश्नच नाही. देवमाणूस त्या खुर्चीत बसवला तरी आकडेमोड त्याला तिकडेच ओढेल.

त्यात समोरची बाई थांबू शकत नाही. मे महिन्यात धानाची बांधी उघडी पडलेली असते, गावात दुसरे काम फारसे नसते आणि पुढच्या पेरणीला पैसा हवा असतो. पान तोडल्या दिवशीच बांधावे लागते, उन्हात उलटेपालटे करून वाळवावे लागते, आणि वळवाचा एक पाऊस त्याला काळे पाडतो. भाव पटला नाही म्हणून पुडे घरात ठेवून बसता येत नाही. मोहफुलाचे तसे नाही. ते वाळवून ठेवता येते. तरीही हंगामात पैशाची गरज म्हणून विकलेली मोहफुले पावसाळ्यात त्याच दुकानातून चढ्या भावाने परत घेणारी घरे या भागात आहेत. ज्याला थांबता येते त्याला भाव मिळतो. थांबता येण्यासाठी एक तर माल टिकाऊ हवा, नाहीतर घरात चूल पेटण्याची सोय हवी.

आता तिसरी गोष्ट, घेणारी माणसे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क दिले. कायदा झाला तरी बाजार लगेच बदलला नाही. तो कसा बदलतो हे पाहायचे तर तेंदू क्षणभर बाजूला ठेवून बांबूकडे जावे लागते. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती. 2006 च्या कायद्याने त्याला गौण वनोपजात घातले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागायचा आणि तो वनखात्याच्या हातात होता. विकायचा हक्क आहे, पण घेणाऱ्याला माल नेता येत नाही. अशा हक्काला गिऱ्हाईक कुठून येणार? 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि मगच मेंढ्याच्या बांबूला बाजार उघडला. त्या पुस्तकाला लोक टीपी बुक म्हणतात. गडचिरोलीत बाजाराची गोष्ट सांगताना मी नेहमी या पुस्तकापासून सुरुवात करतो. भाव, जाहिरात, ब्रँड हे सगळे त्यानंतरचे.

तेंदूत हे 2013 च्या हंगामापासून सुरू झाले. गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी पान स्वतः विकायचे ठरवले. पुढे शासनाने पेसा गावांपुढे दोन पर्याय ठेवले. पर्याय एक म्हणजे वनखात्याने नेहमीप्रमाणे लिलाव करायचा, आणि पर्याय दोन म्हणजे ग्रामसभेने स्वतः जाहिरात देऊन निविदा मागवायच्या, करार करायचा, मजुरी वाटायची, हिशेब ठेवायचा. गडचिरोलीत पर्याय दोन घेणारी गावे वाढत गेली. ताईंच्या प्रश्नाचे सरळ उत्तर इथे आहे. तुमच्या पानाचा भाव पान फुटण्याआधी, निविदेचे पाकीट उघडते त्या दिवशी ठरतो. झाडावर पान नसताना बोली लागते. व्यापारी अंदाजावर पैसा लावतो. पाऊस आला, पान किडले, विडीची मागणी घटली, तर तोटा कोणी सोसायचा हे करारात लिहिलेले असते किंवा, दुर्दैवाने, लिहिलेले नसते.

व्यापारीही कच्च्या गुरूचे चेले नसतात. एका गावाचे थोडेसे पान घ्यायला चारजण येत नाहीत. आले तरी आधी आपसात ठरवून येतात. "हे गाव तुझे, ते माझे" असे वाटून घेतले की चार बोल्या लागूनही घेणारा एकच उरतो. यावर गावांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभा एकत्र येऊन महाग्रामसभा झाली. पान मोठ्या प्रमाणात एकत्र विकायला काढले की दूरचा व्यापारीही गाडीभाडे खर्चून येतो आणि आपसातले संगनमत टिकवणे अवघड होते. विकणाऱ्यांची एकी आणि घेणाऱ्यांची फूट, एवढ्यावर भाव हलतो.

पण भाव गावात बसून हवा तसा हलवता येत नाही, हेही याच पानाने शिकवले. 2017 च्या हंगामात तेंदूला कधी नव्हे असा भाव आला. पान गोदामात असतानाच 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला. विडीवर 28 टक्के, तेंदूपानावर 18 टक्के. 2018 ला भाव कोसळले आणि आदल्या वर्षी धावत आलेल्यांपैकी अनेकांनी पाठ फिरवली. करामुळेच सगळे झाले असे मी म्हणणार नाही, आदल्या वर्षी बोली लावणाऱ्यांचाही तोल सुटला होता. पण पानाला स्वतःची अशी मागणी नाही. कोणी पान विकत घेऊन खात नाही की घरात लावत नाही. मागणी विडीला आहे, आणि विडी ओढणारा शेकडो मैलांवर बसलेला आहे. त्याने विडी सोडली, तर त्याच्या फुप्फुसांचे भले होईल आणि इथला मे महिना कोरडा जाईल. सप्टेंबर 2025 मध्ये पानावरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याचा किती वाटा पुड्यापर्यंत झिरपतो, हे घेणारे किती उरलेत यावरच ठरेल.

आणखी एक हिशेब कुठल्याच निविदेत येत नाही. मे 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पहाटेच्या अंधारात वाकून पान तोडणाऱ्या माणसाची जोखीम गोणीच्या भावात कुठेही धरलेली नसते. दुसरीकडे, नक्षलवाद्यांना तेंदूच्या ठेकेदारांकडून पैसा जात असल्याचे पोलीस वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ती रक्कम मात्र ठेकेदार बोली लावतानाच मनात धरत असणार आणि तेवढी बोली खाली येत असणार. पहिली किंमत पानवालीने भरली आणि दुसरीही फिरून तिच्याच पुड्यावर आली. अशा खर्चांना अर्थशास्त्रात स्वतंत्र प्रकरण आहे. त्यावर एक पूर्ण लेख मला लिहायचा आहे, म्हणून आज इथेच थांबवतो.

सध्या निविदांचे दिवस आहेत. ज्यांच्या गावाने यंदा पर्याय दोन घेतला आहे त्यांनी करारात तीन गोष्टी वाचून घ्याव्यात : पैसे किती हप्त्यांत आणि कधी मिळणार, हप्ता थकला तर फळीवरचे पान उचलता येणार की नाही, आणि पावसाने भिजलेले पान कोणाचे. हप्ता जमा झाल्याशिवाय ट्रक सोडू नका. आणि शक्य असेल तर अटींची नक्कल, नावे-गावे झाकून, मला पाठवा. दहा-बारा करार शेजारी ठेवून वाचता आले, तर हंगामाआधी त्यावर लिहीन. मग ब्रँडला आणखी एक आठवडा थांबावे लागले तरी चालेल.